जपानचे घाट आणि त्यातल्या गाड्या

बोरघाट

कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे घाटात ढकलायला जादा इंजिनं, लागतात तेव्हा वडापाव अर्धवट सोडून जे लोक शेवटच्या डब्याकडे चालत जातात, त्यांच्यासाठी हा धागा.

जपानमध्ये मी मुद्दाम घाट शोधत फिरलो. शिनकानसेनमध्ये, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनमध्ये बसलो, आवडली, तिच्याबद्दल कुणी विचारलं तर सांगेन. पण तिच्यावर मराठीत भरपूर लिहून झालंय, आणि नुसती ती बघून जपानची रेल्वे निम्मीसुद्धा कळत नाही असं माझं ठाम मत झालंय.

थोडा इतिहास लागेल. जपानची पहिली गाडी १४ ऑक्टोबर १८७२ ला शिम्बाशी ते योकोहामा धावली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्यानंतर १९ वर्षांनी. दोन रुळांतलं अंतर ठेवलं १०६७ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६, मीटरगेज १०००. म्हणजे मीटरगेजपेक्षा चार बोटं रुंद अशा रुळांवर त्यांनी अख्खा देश जोडला. आणि देश कसा, तर जवळजवळ तीन चतुर्थांश डोंगर. अरुंद रूळ, आवळ वळणं, चढच चढ. १९५० च्या दशकात टोकियो-ओसाका मार्ग गाड्यांनी तुडुंब भरला, तेव्हा त्यांनी जुन्या मार्गाची डागडुजी करत बसण्याऐवजी १४३५ मिलिमीटरची पूर्ण वेगळी लाइन टाकली. ती १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली, ५१५ किलोमीटर, ताशी २१० च्या वेगाने. जुनी अरुंद रेल्वे मात्र डोंगरात आपली चढत-उतरत राहिली. मला ती बघायची होती.

उसुई घाट. याच्यासाठीच गेलो होतो म्हणा ना. टोकियोहून ताकासाकीपर्यंत शिनकानसेन, तिथून लोकलने अर्ध्या तासात योकोकावा. लाइन इथे संपते. समोर डोंगर उभा आणि रूळ त्याच्या पायथ्याशी तुटलेले. १९९७ पर्यंत ते पुढे कारुइझावाला जात: ११ किलोमीटरच्या आसपास अंतर आणि साडेपाचशे मीटर चढ. उतार हजाराला ६६.७, म्हणजे १५ त १, दर १५ मीटरला एक मीटर चढ. आपला बोरघाट आणि थळघाट ३७ त १. हा आकडा मला वर्षानुवर्षं पाठ होता, पण तिथे रुळांवर उभं राहून वर पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. साध्या रुळांवरून, दात्यांच्या पट्टीशिवाय, एक्सप्रेस गाड्या यावरून जायच्या!

सुरुवातीला दात्यांची पट्टी होतीच. १८९३ मध्ये मार्ग उघडला तो दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी घालून, जशी उटीच्या गाडीला आहे. मार्गावर २६ बोगदे. वाफेचं इंजिन कुथत कुथत चढणार आणि बोगद्यात धूर कोंडणार, ड्रायव्हर-फायरमनचे हाल. त्या धुरापायी १९१२ मध्ये या घाटाचं विद्युतीकरण झालं, जपानच्या सरकारी रेल्वेच्या मुख्य मार्गांवरचं पहिलं. १९६३ मध्ये दाते काढले आणि इएफ-६३ नावाची इंजिनं आणली. खास या एका घाटासाठी बांधलेली, १०८ टनांची, सहा आसांची, रुळाला चुंबकाने धरून ठेवणारा ब्रेक असलेली. कुठलीही गाडी आली की योकोकावाला दोन इएफ-६३ मागे लागणार आणि तिला वर ढकलणार.

आणि इंजिनं लागेपर्यंत गाडी थांबणार! त्या थांब्यावर १९५८ पासून मातीच्या छोट्या हंडीत शिजवलेला भात विकला जायला लागला. आज सगळ्या जपानात ती हंडी प्रसिद्ध आहे. हे वाचलं होतं, पण फलाटावर उभा राहिलो तेव्हा कर्जत जसंच्या तसं डोळ्यांपुढे आलं. बँकर लागायला वेळ लागतो म्हणून गाडी थांबते, गाडी थांबते म्हणून लोकांना भूक लागते, आणि त्यातून एका गावाचा पदार्थ तयार होतो. दोन देशांतल्या दोन घाटांनी हे आपापलं घडवलं. गाडी सुटताना विक्रेते फलाटावर ओळीने उभे राहून तिला वाकून नमस्कार करायचे.

३० सप्टेंबर १९९७ ला घाटातली शेवटची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी नागानोची शिनकानसेन सुरू झाली. तिने डोंगराला वेगळीकडून, हजाराला ३० च्या चढाने वळसा घातलाय. योकोकावाच्या इंजिन शेडच्या जागी आता रेल्वेचं संग्रहालय आहे. जुन्या दातेरी मार्गावरून पायवाट केलीय; बोगद्यांतून चालत चालत चार कमानींच्या विटांच्या पुलावर पोचता. ३१ मीटर उंच, ९१ मीटर लांब. खंडाळ्याच्या जुन्या दगडी कामावर जीव असलेल्यांनी हा पूल बघायलाच हवा.

ओबासुते. नागानो प्रांतात, शिनोनोइ लाइनवर, ५५१ मीटर उंचीवर. हे रिव्हर्सिंग स्टेशन आहे. लोकल येते, फलाटाला लागते, मग उलटी मागे जाते, आणि मग सांधा बदलून पुढे निघते. एक्सप्रेस गाड्या इथे न शिरता खालून सरळ निघून जातात. आपल्या बोरघाटात १८६३ ते १९२९ असं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाड्या तिथे तोंड फिरवून पुढची चढण चढायच्या. मी त्याचे फक्त फोटो पाहिलेत. जे आपल्याकडे माझ्या आजोबांच्या पिढीबरोबर संपलं ते इथे रोज चालू आहे. फलाटावरची बाकं रुळांकडे पाठ करून ठेवलीत, खालच्या खोऱ्याकडे तोंड करून, कारण लोक इथे खोरं बघायलाच बसतात.

हाकोने सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. १९१९ ची लाइन, हजाराला ८० चा चढ, तीन ठिकाणी गाडी दिशा बदलते आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हर आणि गार्ड टोकं बदलतात. ३० मीटर त्रिज्येची वळणं आहेत, तिथे रूळ झिजू नयेत म्हणून गाडी स्वतःच रुळांवर पाणी सोडत जाते. गर्दी फार. सकाळी लवकर जा.

ओइगावाची इकावा लाइन मात्र सोडू नका. शिझुओका प्रांतात, नदीच्या खोऱ्यात खोल आत. जपानमधली दात्यांवर चालणारी आज एवढी एकच लाइन उरलीय. गंमत म्हणजे दाते जुने नाहीत, १९९० चे आहेत. धरण बांधल्यामुळे जुना मार्ग पाण्याखाली जाणार होता, म्हणून नवा मार्ग वरून काढला आणि त्यात हजाराला ९० चा टप्पा आला. जपानमधला सगळ्यांत तीव्र. निलगिरीपेक्षाही. चढाच्या पायथ्याशी एक विजेचं इंजिन खालच्या बाजूने येऊन लागतं, सगळे प्रवासी उतरून ते जोडताना बघतात, आणि कुणालाही घाई नसते.

तादामी लाइनवर वेगळं लिहायचंय. आधी हे वाचून काय वाटलं ते सांगा.

अबोली_सातारा

सुरेख! मी रेल्वेवेडी नाही, पण हंडीचा आणि वड्याचा भाग दोनदा वाचला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

इगतपुरीकर

बोरघाटराव, निवृत्त माणसाला कामाला लावलंत. मी थळघाटात गाड्या चालवल्या आहेत, म्हणून लिहितो.

१५ त १ आणि तेही साध्या रुळांवर, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. लोक विचारतात घाट चढणं अवघड की उतरणं. चढताना गाडी थांबली तर थांबली, मागे बँकर आहेत. उतरताना मात्र एकदा वेग हातातून गेला की परत येत नाही. म्हणून तर आपल्याकडे मधे मधे गाडी उभी करून ब्रेकची खात्री करायची आणि मगच पुढे सोडायची ही पद्धत आहे, आणि कॅच साइडिंग आहेत. गाडी आवरली नाही तर तिला चढावर वळवून थांबवायची सोय. आमच्या वेळी डब्ल्यूसीजी-२ इंजिनं होती, १५०० व्होल्ट डीसीवर चालणारी. त्याआधीच्या लोकांनी खेकडा चालवला. स्वित्झर्लंडहून आलेलं ते इंजिन घाटात असं काही कण्हायचं की गावाला कळायचं गाडी कुठे आलीय.

माझे दोन प्रश्न. एक, या इएफ-६३ ला व्होल्टेज काय होतं? दोन, गाडी उतरताना ती दोन इंजिनं कुठे असायची?

बोरघाट

काका, तुमचा प्रतिसाद आला, धाग्याचं सार्थक झालं.

व्होल्टेज १५०० डीसी! अगदी तुमचंच. आणि इंजिनं कायम उताराच्या बाजूला, योकोकावाच्या तोंडाला. चढताना मागून ढकलायची, उतरताना पुढे राहून अख्खी गाडी छातीवर तोलून धरायची. म्हणजे तुम्ही म्हणालात तेच त्यांनीही ओळखलं होतं, खरी ताकद उतरताना लागते. आपल्याकडे उतरणाऱ्या प्रवासी गाडीला बँकर लागत नाहीत. तिथल्या उतारावर त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे जातोय का, ते तपासणारी यंत्रणा मार्गात बसवली होती. उतरणाऱ्या गाडीला सुटीच नव्हती.

निशीकासाई

टोकियोतून. नमस्कार मंडळी. इथे एदोगावा भागात आपली भारतीय वस्ती मोठी आहे, त्यातलाच एक.

बोरघाट, लेख आवडला. एक भर घालतो. तुम्ही ड्रायव्हरच्या केबिनमागे उभे राहिला असालच. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने त्याची स्थिती म्हणतो. केबिनमध्ये तो एकटा असतो, ऐकणारं कुणी नसतं. तरी म्हणतो. फलाटावरचा कर्मचारीसुद्धा तसाच बोट फिरवत दारं तपासतो. नवीन आलेल्यांना हे बघून हसू येतं, मला मात्र याच्यामुळे निर्धास्त वाटतं. डोळ्यांनी पाहिलेलं हाताने आणि तोंडाने पक्कं करायचं, म्हणजे सवयीने नजर सिग्नलवरून नुसती घसरत नाही.

इगतपुरीकर

निशीकासाई, आमच्याकडेही आहे हो हे. लोको पायलट आणि सहायक दोघं एकमेकांना सिग्नल पुकारून सांगतात, हात दाखवून. फरक इतकाच की आमचा ऐकणारा शेजारी बसलेला असतो. एकटा माणूस स्वतःला पुकारून सांगतोय, त्याला जास्त शिस्त लागते. मला तो ड्रायव्हर आवडला.

साशंक

सगळं कौतुक मान्य. पण जपानी वक्तशीरपणाची दुसरी बाजूही या धाग्यावर यावी. २५ एप्रिल २००५, ओसाकाजवळचं आमागासाकी. लोकल दीडेक मिनिट उशिरा होती. आधीच्या स्टेशनवर गाडी फलाटाच्या पुढे गेली होती. ताशी ७० ची मर्यादा असलेल्या वळणावर ती ११६ ने शिरली आणि एका इमारतीवर आदळली. ड्रायव्हरसह १०७ माणसं गेली. चूक केलेल्या ड्रायव्हरला तिथे 'प्रशिक्षणा'च्या नावाखाली दिवसेंदिवस अपमानास्पद शिक्षा दिली जायची, आणि त्याची धास्ती हा चौकशीतला महत्त्वाचा मुद्दा होता. मिनिटा-मिनिटाचा हिशोब माणसाला कुठे नेतो ते पाहा.

बोरघाट

साशंक, हे लिहिलंत ते योग्यच केलंत. मी टाळणार नव्हतो, पण तुम्ही नेमकं मांडलंत.

माझं मत सांगतो. गाडी वेळेवर धावते ती ड्रायव्हर घाबरलेला असतो म्हणून नव्हे. शिनकानसेन वेळेवर असते कारण तिच्या बहुतेक मार्गावर मालगाडी नाही, लोकल नाही, फाटक नाही, आणि वेग मर्यादेपलीकडे गेला तर यंत्रणा आपोआप ब्रेक लावते. १९६४ पासून रुळांवरून घसरून किंवा टक्कर होऊन तिच्यातला एकही प्रवासी दगावलेला नाही. २००४ च्या निइगाता भूकंपात एक गाडी चालती असताना घसरली, तरी कुणाला इजा झाली नाही. आमागासाकीच्या त्या वळणावर वेग रोखणारी नवी यंत्रणा तेव्हा बसलेली नव्हती. जिथे यंत्रणेने माणसाला सांभाळलं तिथे वक्तशीरपणा टिकला, जिथे सगळा भार एकट्या माणसाच्या धास्तीवर टाकला तिथे माणसं गेली. आपल्या लोकलच्या मोटरमननेही हे वाचावं आणि त्यांच्या वरच्यांनीही.

निशीकासाई

सहमत. इथे अजूनही दर २५ एप्रिलला बातम्यांत येतं ते, लोक विसरलेले नाहीत.

घाटांच्या धाग्यात समुद्र आणतोय, क्षमस्व, पण सान्रिकु रेल्वेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ईशान्य किनाऱ्यावरची छोटी कंपनी, एक-दोन डब्यांच्या डिझेल गाड्या. सरकारी रेल्वेने नको म्हटलेल्या लाइन प्रांताने आणि गावांनी मिळून १९८४ मध्ये चालवायला घेतल्या. ११ मार्च २०११ ला त्सुनामीने पूल, स्टेशनं, रूळ वाहून नेले. आणि १६ मार्चला, पाच दिवसांत, कुजीपासून जेवढा तुकडा धड होता तेवढ्यावर त्यांनी गाडी सोडली. गावात वीज, पेट्रोल, काही धड नव्हतं. गाडीतले किती लोक कुठे जात होते हा प्रश्नच नव्हता. गाडी आली म्हणजे गाव अजून आहे. पूर्ण मार्ग २०१४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. २०१९ मध्ये मधला तुटलेला तुकडाही त्यांच्याकडे आला आणि साकारी ते कुजी असा १६३ किलोमीटरचा सलग मार्ग झाला. त्याच वर्षी वादळाने पुन्हा तोडला. २० मार्च २०२० ला पुन्हा जोडला. मी त्या मार्गावर बसलोय. बोगदा, खाडी, नवीन बांधलेली समुद्रभिंत, पुन्हा बोगदा. शेजारी बसलेल्या आजींनी न विचारता संत्रं दिलं.

बोरघाट

निशीकासाई, तुम्ही मला तादामीवर आणून सोडलंत.

आइझु-वाकामात्सु ते कोइदे, १३५ किलोमीटर, तादामी नदीच्या काठाकाठाने. जुलै २०११ च्या पुरात पूल वाहून गेले. मधला २७ किलोमीटरचा तुकडा इतका तोट्यात होता की तिथे कायमची बस चालवावी असाच विचार चालला होता. गावं हटली नाहीत. शेवटी ठरलं असं की त्या तुकड्याचे रूळ आणि पूल फुकुशिमा प्रांताने घ्यायचे, देखभाल करायची, आणि कंपनीने फक्त गाड्या चालवायच्या. १ ऑक्टोबर २०२२ ला, ११ वर्षांनी, लाइन पुन्हा जोडली गेली. त्या तुकड्यावर दिवसाला तीन गाड्या जातात आणि तीन येतात. बस्स.

इतक्या थोड्या गाड्यांसाठी इतका पैसा का, हा प्रश्न तिथेही विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. होक्काइदोत फुरानो ते शिन्तोकु हा तुकडा २०२४ मध्ये कायमचा बंद झाला. हिरोशिमा-शिमाने भागातली सान्को लाइन, १०८ किलोमीटरची, २०१८ मध्ये गेली. तिच्यावर उझुइ नावाचं स्टेशन जमिनीपासून २० मीटर उंच पुलावर होतं, ११६ पायऱ्या चढून गाडी पकडायची. गावात माणसंच उरली नाहीत तर गाडी कुणासाठी?

पण मी तादामीच्या गाडीत बसलो तेव्हा शेतात काम करणारी माणसं उभी राहून हात करत होती. आपल्याकडे लहान मुलं करतात, तिथे सत्तरीचे आजोबा करतात. ती लाइन आपण राखलीय हे त्यांना ठाऊक आहे. मला वाटतं लाइन जगवायची की नाही हे तिकिटाच्या गल्ल्यावर ठरवू नये. रस्ते आपण तसे ठरवत नाही.

साशंक

रस्त्याचा मुद्दा पटला. २७ किलोमीटरला ११ वर्षं मात्र फार झाली.

अबोली_सातारा

आता प्रत्यक्षातले प्रश्न. आम्ही दोघं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जायचं म्हणतोय. पास घ्यावा का? रात्रीची गाडी असते का? आणि आम्ही शाकाहारी आहोत, ती हंडी चालेल का?

बोरघाट

अबोलीताई, हंडीत कोंबडी असते, त्यामुळे नाही चालणार. पण रिकामी हंडी लोक घरी नेतात, ती सुंदर असते.

पास: देशभरचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ पासून २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. रोज लांब पल्ल्याची शिनकानसेन करणार नसाल तर परवडत नाही. एकेका भागाचे पास स्वस्त पडतात. आणि घाटवाल्यांनी लक्षात ठेवा, हाकोने, ओइगावा, सान्रिकु या वेगळ्या कंपन्या आहेत, देशभरचा पास तिथे चालत नाही.

रात्रीची: रोज धावणारी एकच उरलीय, सनराइझ. टोकियोहून २१.५० ला सुटते, १४ डबे. पहाटे ओकायामाला तिचे दोन भाग होतात, एक इझुमोला जातो आणि दुसरा सेतोच्या पुलावरून ताकामात्सुला. पुलाच्या भागात बसा. वर मोटारींचा रस्ता, खाली गाडी, आणि खिडकीत बेटं. १९८८ मध्ये पूल झाला तोवर इथे रेल्वेची बोट होती. १९५५ मध्ये धुक्यात शिउन-मारु बोट बुडून १६८ जण गेले, त्यात शाळेच्या सहलीची मुलं होती. त्यानंतर पुलाच्या मागणीने जोर धरला. आरक्षण एक महिना आधी सकाळी दहाला उघडतं आणि बघता बघता संपतं.

तादामीसाठी ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात धरा, डोंगर लाल-पिवळे असतात. गर्दी असते, तेव्हा आइझु-वाकामात्सुला आदल्या रात्री मुक्काम करून पहाटेची गाडी घ्या.

निशीकासाई

शाकाहाराचं मी सांगतो. अडचण मांसाची कमी आणि माशांच्या रसाची जास्त. भाजी, डाळीसारखं दिसणारं सूप, सगळ्यात तो असतो. दुकानातला खारवलेल्या आंबट फळाचा भाताचा गोळा बऱ्यापैकी सुरक्षित, पण पाकिटावरचे घटक फोनने वाचून घ्या. डोंगरातल्या लाइनवर दुकानंच नसतात, तेव्हा दशम्या आणि मेतकूट बरोबर ठेवा. आणि मोठ्या बॅगा आणू नका. लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर टोकियो-ओसाका शिनकानसेनला बॅगेच्या जागेसकट आरक्षण करावं लागतं. छोट्या गाड्यांत तर जागाच नाही.

इगतपुरीकर

माझा मुलगा म्हणतोय बाबा तुम्हीही जा. गुडघे ठीक आहेत अजून. बोरघाट, ती इएफ-६३ नुसती काचेआड ठेवलीय की जवळ जाता येतं?

बोरघाट

काका, जवळ कसलं, चालवता येते! संग्रहालयात एक दिवसाचं प्रशिक्षण असतं, ते पुरं केलं की खरी इएफ-६३ खऱ्या रुळांवर, १५०० व्होल्टवर, शिक्षक शेजारी बसवून चालवायला देतात.

इगतपुरीकर

काय सांगता. कधी जायचं?

निशीकासाई

काका, प्रशिक्षणाला आधी नाव नोंदवावं लागतं आणि वर्ग जपानीत असतो. दुभाषा बरोबर चालतो का ते मी उद्याच फोन करून विचारतो. चालत असेल तर सुटी टाकून मी येतो. अबोलीताई, तुमच्या तारखा कळवा, योकोकावा एकाच दिवशी जमवू.